हळू घे, केल्लेई

(उत्तर चाडमधलं फादा गाव, १९८७. लिबियाच्या फौजेशी झालेल्या चकमकीला महिना उलटलाय. तिच्यात ट्रकचालक केल्लेई गेला. त्याच ट्रकवर मशिनगन चालवणारा बर्का आज कुबडी टेकत त्याच्या आईला, झेनाबाला, भेटायला आलाय.)

झेनाबा: मग रेडिओवाले काय म्हणतात तुमच्या या लढण्याला?

बर्का: वेगवान हालचालींचं युद्ध.

झेनाबा: नाव मोठं, लक्षण जुनंच. माझा बाप उंटांवरून हेच करायचा. अचानक पडायचं, तडाखा द्यायचा, धूळ बसायच्या आत पसार. रेझू म्हणायचे त्याला.

बर्का: आम्हीही रेझूच म्हणतो, मावशी. उंटांच्या जागी ट्रक, एवढंच. रणगाड्याची नळी वळेपर्यंत आपण त्याच्या पाठीशी.

झेनाबा: आणि सुरुंग?

बर्का: गाडी ताशी शंभराच्या वर ठेवायची. सुरुंग फुटेस्तोवर ती पुढे गेलेली असते, असं आम्ही धरून चालतो. सुरुंगाच्या पट्ट्यात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही, हे पोरांना सगळ्यात आधी शिकवतात.

झेनाबा: केल्लेईनं उचलला.

बर्का: हं.

झेनाबा: मागच्या गाडीतल्यांनी पाहिलंय. केल्लेई भ्याला, म्हणतात. मी विहिरीवर गेले की बायका गप्प होतात. माझं सोड, मी म्हातारी. त्याच्या लेकीला पोरं भित्र्याची पोर म्हणून चिडवतात. तू त्याच्या गाडीत होतास. खरं सांग. भ्याला असेल तरी माझंच पोर आहे ते.

बर्का: भ्याला नाही तो.

झेनाबा: मग?

बर्का: माझी मांडी फुटली होती. मागे पत्र्यावर पडलो होतो. गाडी उसळली की हाडाला हाड घासायचं. मी ओरडत होतो.

झेनाबा: काय ओरडत होतास?

बर्का: राहू दे ना, मावशी.

झेनाबा: बोल.

बर्का: हळू घे, केल्लेई. हळू घे रे. आपण कुठं आहोत ते त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

झेनाबा: आणि महिनाभर ऐकत बसलास, लोक त्याला काय म्हणतात ते.

बर्का: दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो. भित्रा मी आहे, मावशी. आज विहिरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो.

झेनाबा: मग ते तुला बोलतील.

बर्का: बोलू देत.

झेनाबा: आधी पोरीला सांग. आत बसलीय, हल्ली बाहेर पडत नाही. चहा पी, मग जा तिच्याकडे.

बर्का: तू मला दोन शिव्या तरी दे.

झेनाबा: काय देऊ? उंटावर बसायला लागला तेव्हापासून मी त्याला हळू जा, हळू जा म्हणत आले. माझं एकदाही ऐकलं नाही, बर्का. तुझं ऐकलं.