दोघांच्या वजनाचे शॉकअप

...नाही, पण मला एक सांगा, बायकोचं वजन किती हे नवऱ्याला पाठ असायला हवं, असं कुठे लिहिलंय? नाही ना? मग तो मिस्त्री माझ्याकडे असा का बघत होता, जणू मी स्वतःचं आडनाव विसरलोय! थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला, मुळापासून सांगतो.

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना विचारायचं, हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का. बायको शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर घाट काढतेय, धबधबे काढतेय, आणि प्रत्यक्षात बघितलंय काय? फळा! त्यात मुलगी शिकायला परगावी गेली, दोन माणसांना घर मोठं व्हायला लागलं, जेवताना घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली... तेव्हा मीच म्हटलं, अगं, चल, मोटारसायकलवरून हिंडू. दोघंच. हसली हो! कितीतरी दिवसांनी हसली.

गेलो. पुढे मी, मागे ती, दोन्ही बाजूंना दोन पेट्या, त्यांवर आणखी एक बॅग. पहिल्याच खड्ड्यात धाडकन्! मागचं चाक मडगार्डला घासलं. मी ओरडलो, "लागलं का गं?" दुसरा खड्डा, धाडकन्! गाडी मागे बसलेली, पुढचा दिवा आभाळाकडे, समोरून येणारा प्रत्येक जण मला शिव्या घालतोय, आणि असं दीडशे किलोमीटर! बायको काय म्हणाली? काही नाही. उतरली, कमरेवर हात ठेवून झाडाला टेकली. समोर एवढा मोठा धबधबा, आणि ही डोळे मिटून उभी! भांडली असती तर बरं वाटलं असतं हो. भांडण मला कळतं. हे गप्प राहणं कसं वाचायचं?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे. त्याने गाडीचं मागचं टोक दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे शॉकअप एकट्या माणसाचे. तुम्ही त्यांच्यावर अख्खा संसार लादलाय. कडक स्प्रिंगवाले बसवू. तुमचं वजन सांगा, वहिनींचं सांगा, सामानाचं सांगा."

वहिनींचं! फोन लावला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, "छप्पन्न." आणि फोन बंद. मग मीही छाती पुढे काढून म्हटलं, माझं सत्तर. सामान? असेल दहाएक किलो. मिस्त्रीने लिहून घेतलं, बिचाऱ्याने.

नवे शॉकअप बसले. निघालो. धाडकन्! तसंच! उलट जास्त, कारण आता आशा होती ना! बायको काय म्हणाली? काही नाही. परत मिस्त्री. "साहेब, आकडे खरे होते ना?" मी म्हटलं, म्हणजे काय! तर तो म्हणतो, "गोदामात पोत्यांचा काटा आहे. दोघं या. सामानासकट."

तुम्ही कधी पोत्यांच्या काट्यावर उभे राहिलायत? भरदुपारी? हमाल हातातली कामं टाकून बघतायत, आणि काटा आपला सरकतोच आहे, सरकतोच आहे... आकडा मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, तिचे छप्पन्न लग्नातले होते आणि माझे सत्तर त्याच्याही आधीचे! बायको काय म्हणाली? काही नाही. चपला हातात घेऊन बाहेर चालती झाली.

मग सामान. मिस्त्री म्हणाला, "एवढं काय काय भरलंय हो यात?" मी तिची बॅग उघडली. शेकायची रबरी पिशवी. मलमाच्या तीन ट्यूबा. कमरेचा पट्टा, रुंद, चांगला वापरून मऊ झालेला. म्हणजे ती पट्टा बांधून माझ्यामागे बसत होती हो, कपड्यांच्या आतून, आणि मी विचारत होतो, लागलं का गं! लोकांचे नंबर काढणारा माणूस मी! बॅग बंद केली. मिस्त्रीने दुसरीकडे बघितलं. चांगला माणूस आहे.

या वेळी खऱ्या आकड्यांचे शॉकअप आले. काय सांगू, गाडी अशी ताठ उभी राहिली! मागून चांगली चार बोटं वर. सकाळी पेट्या लावल्या, मी बसलो, म्हटलं, चल, आता तुला पाण्यावरून गेल्यासारखं वाटेल. तिने पाय उचलला. पेटीच्या वरून, सीटच्या वरून... गुडघा अर्ध्यात अडला. पुन्हा उचलला. शेजारीण गॅलरीतून म्हणते, "स्टूल देऊ का?" स्टूलही आणलं. स्टूलवर चढायलाच तो गुडघा लागतो ना! तिसऱ्यांदा ती नुसती सीटवर हात ठेवून उभी राहिली. बायको काय म्हणाली? काही नाही. आत गेली. मला वाटलं, रडतेय. पाच मिनिटांनी पर्स घेऊन बाहेर आली. "मी बसनं जाते. तुम्ही या मागून."

आता दोघांचे शॉकअप आणि वर मी एकटा! तुम्हाला सांगतो, रस्त्यावर खडा आला की मला माझा एकेक मणका मोजून दाखवतात. आणि समोर तिची बस. खिडकीत ती, शेजारच्या बाईला हातवारे करून डोंगर दाखवतेय, बोलतेय, हसतेय, अखंड बोलतेय! ती एकदा तरी मान वळवून बघेल म्हणून मी गाडी बसच्या बाजूला घेतली आणि हॉर्न वाजवला. बसवाल्याने हात बाहेर काढून मला मागेच राहा म्हणून सांगितलं.

पोचलो तेव्हा मला गाडीवरून उतरता येईना. लॉजच्या मॅनेजरने एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या. खोलीत पालथा पडलो. ती मलम चोळत होती, अगदी मायेने, हां, खोटं कशाला बोलू.

"बस फार छान होती हो. धक्का म्हणून नाही."

मी उशीत तोंड खुपसून म्हटलं, "मग परतीचं तिकीट?"

"काढलंय ना."

"दोघांचं?"

तिचा हात थांबला. "अहो, मग गाडी कोण आणणार?"

...आता यावर काय बोलणार? बरोबर आहे तिचं. गाडी कुणीतरी आणायला हवीच ना.