मंडईले येणाऱ्या लेकी

नाही करुणाबाई, पुरा भंडारा जिल्हा कसा मावन तुह्या त्या कॉलेजच्या प्रकल्पात? बस इथं चटईवर. ‘झाडीपट्टीतली मंडई’ — सरनं खोडलं नं प्रकल्पाचं हे नाव? खोडणारच. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरते, आज आपल्या सानगडीत, उद्या दुसरीकडं, तू कुठंकुठं धावशीन? — थांब, गाडी वाजली का? — नाही, ट्रॅक्टर हाये. मी काही शिकलेला नाही, पण धानाच्या बांधीत उतरलो का एका कोपऱ्यातूनच कापत जातो, तसा तूही एक कोपरा धर. रातच्या दंडारीचं नाचगाणं सोड, दुकानं सोड, पाळणे सोड. घरी पाहुणे कोण येतात, तेवढंच धर. — तेही मोठं? होय, मोठंच हाये. मंग लेकीच धर. लग्न होऊन गेलेल्या लेकी मंडईले माहेरी येतात का नाही, आपल्याच मोहल्ल्यातल्या. हे जमते. उद्या सरले हेच नाव दे.

आन आयक, ‘काहून नाही आली’ असं विचारू नको कोणाले. आली का नाही आली, एवढंच लिही. काहूनचं खरं कोणी सांगत नाही — आमची रुपा? येते नं. सासर बपेऱ्याले, तिथून येणं म्हणजे लांब पडते, गाड्या बदलाव्या लागतात. — मागच्या साली? मागच्या साली नाही जमलं. त्याच्या मागं... तिची माय होती तवापर्यंत दरसाल यायची. तंटा नाही काही, जावई भले हायेत. — गाडीच हाये का ते? पाह्य जरा — फोन? आमच्या पोरानं, अंकुशनं, मोबाईलमधी नंबर टाकून देल्ला हाये बहिणीचा, एक बटन दाबलं का लागते. नाही लावला. लावला आन ‘नाही जमत बाबा’ म्हणाली, मंग? लावला नाही तोवर, येऊन राहिली म्हणून रस्त्याकडं पाहत बसता येते नं बाई —

हे कायले लिहून राहिली? खोड ते. आमच्या घरापासून नको सुरू करू. सत्यभामाबाईकडं जा, दोघी लेकी आल्या हायेत तिच्या, सकाळपासून हसणं आयकू येऊन राहिलं. जा, ऊठ. — आन वडा घेऊन जा खायले, लाखोरीच्या डाळीचा हाये, रुपाले आवडते म्हणून मीच तळला.

एकच घे.