नुसतं ओढतंय

आई : घरात बायको आहे, पोरं आहेत, मी आहे. आणि हा थोरला ताट वाढून घेतो नि गाडीत जाऊन जेवतो. शेजारीण विचारते, भांडण झालंय का तुमच्याकडे. मी म्हटलं, झालं असतं तर बरं होतं, भांडायला तरी माणसं तोंड उघडतात. आता तू सांग, फोन करून मला इथवर का चालवलंस? माझे गुडघे काय भाड्याने आणलेत?

मेकॅनिक : बसा काकू. टायरवर नको, ही खुर्ची घ्या. तो यायच्या आत बोलायचंय.

आई : खुर्चीला ग्रीस लागलंय.

मेकॅनिक : पेपर टाकतो.

आई : टाक. कुठं गेलाय तो?

मेकॅनिक : गाडी इथं लावून बाजारात गेलाय, नवा फिल्टर आणायला. मी ह्या वेळी द्यायला नाही म्हटलं, तर म्हणाला, दुकान काय तुझं एकच आहे का.

आई : फिल्टर कसला, पाण्याचा?

मेकॅनिक : हवेचा. पेट्रोल जाळायला इंजिन हवा आत ओढतं. ती गाळून घ्यायची, धूळ आत जाऊ नये म्हणून. कंपनीचा असतो तो घड्या घातलेला कागद, काळ्या डब्यात बंद. तुमच्या थोरल्यानं तो काढायला लावून लाल कापडाचा बसवला. मग स्पंजाचा. आता हा उघडा, डबासुद्धा काढून टाकलेला.

आई : कशासाठी?

मेकॅनिक : खोक्यावर छापलेलं असतं. हवा जास्त, ताकद जास्त, पेट्रोल कमी.

आई : आणि होतं तसं?

मेकॅनिक : नाही हो.

आई : पण तू विकतोस.

मेकॅनिक : गिऱ्हाईक हट्ट धरतं. काकू, साधा कागदाचा फिल्टर स्वच्छ असला की गाडीला लागते तेवढी हवा मिळतेच. फार जुन्या गाड्या फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त प्यायच्या, तेवढं खरं. ह्या गाडीत कॉम्प्युटर आहे. हवा मोजतो नि त्या मापानं पेट्रोल सोडतो. शर्यतीत पळवणाऱ्याला केसभर फरक पडला तर पडला. आपल्याला भाजी आणायचीय.

आई : म्हणजे नाकपुड्या रुंद केल्या म्हणून भूक वाढत नाही.

मेकॅनिक : अगदी. वाढतो तो फक्त आवाज. डबा असतो तोवर दबलेला असतो. डबा काढला की ओढल्याचा आवाज थेट कानावर येतो, आणि माणसाला वाटतं गाडीला दम आला.

आई : तो शब्द आमच्या घरात जपून काढतात. ह्यांचं अर्धं आयुष्य दम्यानं खाल्लं.

मेकॅनिक : माहीत आहे. म्हणून तर बोलावलं.

आई : मग आडवळणं नको घेऊस.

मेकॅनिक : पहिला फिल्टर बसवताना मी विचारलं त्याला, कशाला हे? म्हणाला, त्या दिवशी दवाखान्यात नेताना टाकीच्या चढावर बाबा शेजारी बसलेले, माझा पाय पार तळाला टेकलेला, आणि गाडी खेचत नव्हती.

आई : गाडी चढली की. दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली तिनं. हेच तिथवर पोचले नाहीत. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, विमानानं आणलं असतं तरी हेच झालं असतं. ह्याच्यासमोरही म्हणाले.

मेकॅनिक : मी म्हटलं, मनाचं समाधान होतंय तर होऊ दे. बसवून दिला. दुसऱ्या दिवशी हसत आला. मी विचारलं, पिकअप वाढला का? म्हणाला, पिकअप गेला खड्ड्यात, चढावर बाबा ऐकू येतात.

आई : पुढं.

मेकॅनिक : त्यांचा श्वास. पुसट येतो म्हणाला, अजून मोकळा फिल्टर टाक. म्हणून स्पंजाचा टाकला. म्हणून हा. कामावर जायचा सोडून तो दिवसभर त्या चढावर असतो. वर जातो, वळतो, खाली येतो, परत वर. पेट्रोल वाचवणारा फिल्टर लावून पंपवाल्याचं घर भरतोय.

आई : तू ऐकलास का तो श्वास?

मेकॅनिक : बेअरिंग गेलं असेल म्हणून एकदा चालवून बघितली.

आई : मी बेअरिंगचं विचारलं नाही.

मेकॅनिक : ऐकला. काका इथं बसायचे ना, गाडी धुऊन होईपर्यंत, ह्याच खुर्चीवर. श्वासाच्या आधी बारीक शिट्टी यायची त्यांना. ती पण आहे.

आई : इंजिनात शिट्टी वाजत नाही कधी?

मेकॅनिक : पाइप सैल असला तर वाजते. मी सगळे पाइप आवळले. नंतर ती गाडी मी चढावर नेली नाही.

आई : घाबरट आहेस.

मेकॅनिक : आहे. पण बोलावलं ते नुसत्या श्वासासाठी नाही. सकाळी फिल्टर काढून झटकायला घेतला. वर धुळीचा थर पाहिजे. धूळ नावालाच होती, हे होतं. मी डबीत काढून ठेवलं नि फिल्टर परत बसवला. हातात घ्या, बघा.

आई : लोकर आहे.

मेकॅनिक : मला वाटलं उंदरानं घर केलंय.

आई : उंदीर कुठून आणणार असली लोकर. ही माझ्या हातची. थोरल्याचा स्वेटर विणताना दुकानातला निळा संपला, म्हणून मी दोन निळे एकत्र घेतले होते. हे बघ, गडद नि फिका, दोन्ही आहेत.

मेकॅनिक : बॉनेटखाली वाकला असेल, तिथं घासला असेल, असं मीही आधी म्हटलं.

आई : एवढी मूठभर? छातीवर आरपार दिसायला लागलंय त्या स्वेटरमधून. मी सुनेला फैलावर घेतलं, मशीनमध्ये टाकतेस म्हणून. बिचारी म्हणते, आई, हे तो अंगातून काढतच नाहीत, मी टाकू कशी.

मेकॅनिक : तो बसतो तिथून फिल्टरपर्यंत एक धागा जायला वाट नाही काकू. मधे अख्खा पत्रा आहे.

आई : आणि हे लोकरीत गुंतलेत ते?

मेकॅनिक : ते मी बोलणार नव्हतो.

आई : केस आहेत. त्याचेच. कानशिलावरचे पांढरे पण आहेत. कमरेच्या पट्ट्याला आणखी आत नवीन भोक पाडलंय त्यानं. मी म्हटलं, दुःखानं वाळतोय. जुना डबा आहे, की भंगारात दिलास?

मेकॅनिक : त्या फळीवर आहे. कागदाचा नवा फिल्टर पण आणून ठेवलाय. पण गाडीचा मालक तो आहे.

आई : आणि त्याची मालकीण मी आहे. गप्प. आला बघ.

थोरला : आई? तू कशी आलीस?

आई : चालत. तुझी गाडी मोकळी कुठं असते.

थोरला : ह्यानं बोलावलं ना? बरं केलं. तुला ऐकवायचंच होतं मला. हा नवा टाकला की आणखी स्वच्छ येईल, श्वासामागचा शब्दसुद्धा कळेल. काहीतरी म्हणतात ते.

आई : तो खोका खाली ठेव. आधी आहे ते ऐकू दे.

थोरला : चढावर जाऊ या, बस.

आई : मी त्यात बसणार नाही. तू बस, मी दाराशी उभी राहते. चालू कर.

(इंजिन सुरू होतं. बॉनेट उघडं आहे.)

थोरला : ऐक. आधी शिट्टी. आली? आता श्वास.

आई : बोलू नकोस मधे. परत दाब.

थोरला : रडतेस का?

आई : धूर जातोय डोळ्यांत. दाब.

थोरला : तेच ना गं?

आई : आवाज तोच आहे.

थोरला : ऐकलंस रे? मला वेड्यात काढत होतास.

मेकॅनिक : काकू, त्याच्या बाह्या बघा.

आई : बघितल्या. वारा नाही ना इथं?

मेकॅनिक : शटर अर्धं खाली आहे. पान हलत नाहीये बाहेर. आणि लोकर सगळी पुढं ताणली गेलीय, डॅशबोर्डाकडे.

आई : बंद कर गाडी.

थोरला : केली.

आई : मग हे अजून येतंय ते काय?

मेकॅनिक : इंजिन थांबलंय. पंखा पण थांबलाय.

थोरला : किल्ली काढली तरी थोडा वेळ असतात ते. अलीकडे बराच वेळ. मी उठून गेलो तर एकटे पडतील, म्हणून बसून राहतो.

आई : आणि म्हणून ताट घेऊन येतोस.

थोरला : हो.

आई : माझ्याकडे बघ. तुम्ही सगळ्यांनी तुझ्या बापाला दिवसा ऐकलंत. मी उशीला कान लावून ऐकलंय. शिट्टी वाजायची, श्वास आत जायचा, नि माझाही इथं अडकून राहायचा. मग सुटायचा त्यांचा. लांब, घरघरत. तो सुटला की मी कूस बदलायची. किती का वेळ लागेना, सुटायचा. त्या दिवशीही सुटला. तूच सांगितलंस, मानेला गरम लागला म्हणून.

थोरला : लागला होता.

आई : आता नीट ऐक. आत गेला. अजून आत. सुटला का?

थोरला : थांब जरा.

आई : थांबलेच आहे. सुटला?

थोरला : मागून सोडतं ना इंजिन. धूर असतो की.

मेकॅनिक : इंजिन बंद आहे रे.

आई : तुला विचारतेय मी. एवढ्या फेऱ्या मारल्यास त्या चढावर, एकदा तरी सुटल्याचं ऐकलंस?

थोरला : नाही.

आई : माणूस घेतो आणि सोडतो. हे नुसतं ओढतंय. आवाज ह्यांचा ओढला, लोकर माझी ओढली, आता तुझ्यात काय शिल्लक आहे ते चाचपतंय. हे तुझे बाबा नव्हेत. त्यांना सोडता यायचं. ते स्टिअरिंग घट्ट धरलंयस बघ केवढं. सोड, बाळा.