ओवाळणीचं खत

"हॅलो?… हॅलो, कोण?… हो, कारखान्यातूनच, टाइम ऑफिस. कोण हवंय आपल्याला?… मीच. मीच ज्योतीराम… ताई? अगं, तू! कुठून बोलतेस?… आळंदीच्या पोस्टातून?… अगं ओरडू नकोस एवढी, नीट ऐकू येतंय मला."

ज्योतीरामला आजवर कुणी फोन केला नव्हता. चिंचवडच्या त्या कारखान्यात त्याचे कामच असे होते, की त्याची चौकशी करावी असे कुणाला वाटू नये. कामगारांच्या चाळींचा मैला मोठ्या टाकीत मुरवायचा, तळाचा गाळ उपसून वाफ्यांवर उन्हात वाळवायचा आणि त्याचे खत करायचे. जेवणाच्या सुट्टीतही माणसे त्याच्यापासून थोडी दूर बसत. त्याला त्याचे वाईट वाटत नसे. निदान वाटते असे तो म्हणत नसे.

"आधी सांग, घरी सगळी बरी ना?… आणि आबा?… तुझ्याबरोबर आलेत? गाडी जुंपून? एवढं काय काढलंत?… बरं, ते राहू दे. कांदा कसाय माझा?… माझाच म्हणणार! खत कुणाचं?… आता पात चांगली वीतभर… ताई?… ताई, हसतेयस की… अगं, रडतेस कशाला?"

भाऊबीजेला तो चऱ्होलीला गेला, तो साडी घेऊन नव्हे, तर दोन गाड्या खत घेऊन. कुसुमताईने त्याला ओवाळले आणि ओवाळणी अंगणात उभी आहे हे पाहून ती पोट धरून हसली. तिच्या सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, नाकाला पदर लावला. भावकीतली माणसे कुंपणापाशी जमली. तेव्हा सोपानआबा, तिचे सासरे, गाडीजवळ गेले. त्यांनी मूठभर खत घेतले, चुरले, नाकाशी धरले आणि सर्वांसमक्ष सांगितले, की ही मातीच आहे. विहिरीकाठची सगळ्यांत चांगली पट्टी त्यांनी सुनेच्या हवाली केली. त्या दिवशी ज्योतीरामच्या वतीने, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच, दुसरे कुणीतरी बोलले होते.

"पिवळी म्हणजे कशी पिवळी?… शेंड्याकडून?… मग पाणी जास्त झालं असेल… नाही?… बरं, एखादं उपटून पाहिलंस का?… बरोबर आणलंयस? अगं वेडे, फोनमधून मला कसं दिसणार!… तूच बघ आणि सांग. मुळं कशी आहेत? पांढऱ्या दोऱ्यांसारखी हवीत… आखूड?… जळाल्यासारखी… सगळीच तशी?… आणि पलीकडचा वाफा? शेणखतावरचा?… हिरवागार आहे."

"नाही गं, उलटंच झालं हे. स्फुरदानं मुळं धरतात. तेवढ्यासाठी तर सगळी खटपट… मी म्हणालो नव्हतो? लोक बोटीनं परदेशातून खत मागवतात, आणि तेच स्फुरद आपल्या पोटातून रोज गटारात जातं… हो, हो, ऐकतोय. पाठ केल्यासारखं बोलतोय मी, खरंय. तू बोल."

पाठ केलेले नव्हते ते. एकट्याने वाफ्यांवर दाताळे ओढताना त्याच्या मनात ते आपोआप जुळत गेले होते. गावोगावची माणसे पोटासाठी इथे येतात, आणि त्यांनी खाल्लेले धान्य पुन्हा कुठल्यातरी शेताकडे निघते. इतके पोरके होऊन आलेल्या माणसांचे एवढे तरी काही घरी परतते. या विचाराच्या आधारावर तो दिवस काढीत असे.

"थांब. तो गाळ कधीचा होता… दसऱ्याच्या सुमाराचा. आश्विनातल्या उन्हात खडखडीत वाळला, म्हणून मी तुझ्यासाठी मुद्दाम तोच… काय?… खताला हिरवट झाक? आबा म्हणाले असं? कधी?… मग तेव्हाच का नाही बोलले?… मला वाईट वाटेल म्हणून."

त्याने खिडकीची कड धरली.

"ताई, नवमीला टाकीत पाणी पिवळं आलं होतं. केशरी म्हण… मी पाहिलं ना! काठावरच उभा होतो… नाही गं, शंका कसली यायची? खंडेनवमीचा दिवस. प्रत्येक खात्यात यंत्रं धुऊन पूजा मांडलेली, हळद, गुलाल, झेंडूच्या माळा… मला वाटलं, त्याचंच धुवण आलं. मी… मी हात जोडले त्या पाण्याला… एक मिनिट. फोन धरून ठेव हं, ठेवू नकोस. युसुफभाई! ओ युसुफभाई, जरा आत या ना!… सायकलच्या हँडलांना क्रोमचा मुलामा चढवता, ते हौद नवमीला धुतले होते ना तुम्ही? मग त्यांतलं जुनं पाणी कुठं सोडलंत?… नेहमीच्या खड्ड्यातच ना?… युसुफभाई?"

युसुफभाईंनी त्या दिवशी आपले हौद स्वतः घासले होते आणि सगळ्यांत मोठी माळ त्यांनीच बांधली होती. पूजेच्या दिवशी हौदात जुने पाणी राहू नये, हा त्यांचा आग्रह. त्यांनी प्रथम हात हनुवटीशी आडवा धरला: खड्डा इथवर भरला होता. मग तोच हात हळूहळू खिडकीबाहेर वळला, आणि चाळींच्या गटाराकडे बोट दाखवून तसाच राहिला.

"…नाही, नाही. तुम्ही कशाला माफी मागता? तुम्हाला काय ठाऊक, ते गटार पुढं कुठं जातं! कुणाला ठाऊक नसतं… जा तुम्ही. भोंगा होईल."

"ताई, आहेस ना?… नीट ऐक. उरलेलं खत कुठं आहे?… गोठ्यामागं. त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि कांद्याची पात खाल्लीत का कुणी? खरं सांग… तुझ्या सासूबाईंनी घरात येऊच दिली नाही? देव त्यांचं भलं करो… नाही, चेष्टा नाही करत गं. आज चेष्टा सुचेल का मला?… मग त्यांना काय सांगितलंस तू?… तुझ्या हातून पाणी चुकलं म्हणून? असं का सांगितलंस!… आणि म्हणून त्या बोलत नाहीत तुझ्याशी… किती दिवस झाले?… माझं नाव राहावं म्हणून! अगं, कसलं नाव, ताई… आबांना बोलाव… हो, भीती वाटतेय. तरी बोलाव."

दुपारचे ऊन खिडकीतून टेबलावर आले होते. रिसीव्हर कानाशी दाबून तो मनातल्या मनात पहिले वाक्य जुळवू लागला. ते त्याला चांगले जुळले होते. पण त्याचा उपयोग झाला नाही.

"आबा? नमस्कार करतो… आबा, उलटं धरलंय तुम्ही. दोरीची बाजू तोंडाकडं… हां, आता. आता आलं… मी बराय. जेवलो… हो, अंगावर काढत नाही. आबा, माझं ऐका ना. ताईचं काही चुकलं नाही. पाणी बरोबरच होतं. खतात विष होतं… माझ्या खतात… नाही, मैल्याचं नव्हे, आबा. मैला चांगला होता. मुलाम्याच्या हौदातलं पाणी मिसळलं त्यात, तीच ती हिरवट झाक, आणि मी समोर उभा असून… काय?… दुसऱ्या दोन गाड्या पाठवू?… नको… अहो, वरून चांगलं घातलं म्हणून खालचं जाणार नाही… गाव हसलं तर हसू दे, म्हणता. आबा, शिव्या द्या मला. हे असं समजुतीनं नका बोलू."

"…नाही, पाणी भरूनही निघायचं नाही… पावसानं? पावसानं ते खाली मुरेल. खाली म्हणजे… आबा, विहीर पट्टीला लागूनच ना?… प्यायला पाणी कुठलं भरता?… तेच. सगळे तेच… आजपासून नको. नदीचं भरा, कुणाकडून मागा, पण ते नको… हो, गुरांनाही नको… माती? हो, वरची वीतभर माती खरवडून काढता येईल… काढून कुठं टाकायची?"

कारखान्यामागच्या सगळ्या मोकळ्या जागा त्याच्या डोळ्यांपुढून सरकल्या. प्रत्येक जागेच्या खाली कुणाचे ना कुणाचे पाणी होते.

"मला माहीत नाही, आबा… नाही, खरंच माहीत नाही. तुम्ही विचाराल आणि मला माहीत असेल, असं वाटलं होतं मला… पुढच्या साली? पुढच्या साली काही लावू नका तिथं… हरभराही नको… गवतही येऊ देऊ नका, बैल चरतील… किती साल ते नाही सांगता येत… तुमच्या हयातीत? आबा, असं नका विचारू… आबा?"

पोस्टातल्या शिक्क्याचे ठोके तेवढे तारेतून येत होते, आणि त्यांच्या मागे एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

"हॅलो… कोण, एक्स्चेंज?… हो, बाई… नाही, नाही, तोडू नका. बोलणं चालू आहे… आहेत ना, आहेत ते तिकडं… तुम्हाला ऐकू येत नसेल. पण चालू आहे बोलणं… थोडं थांबा, बाई, मेहरबानी करा… आबा, मी आहे इथं. मी ऐकतोय… आबा?"

लाइन तुटली.