स्टेटच्या शनिवारी लग्न

मार्लिस: नाही, तू आधी तो कप खाली ठेव. मग सांगते.

व्हर्न: अगं, कॉफी गार होईल.

मार्लिस: होऊ दे. पायावर सांडण्यापेक्षा बरी.

व्हर्न: ठेवला बाई. काय झालं? कोण गेलं?

मार्लिस: कोणी गेलं नाही. काल तुझी पोरं जिंकली, बरोबर?

व्हर्न: मला अजून खरं वाटत नाही बघ. सकाळी डोळे उघडले आणि आधी छताकडे बघत बसलो. वेस्टरबीची शाळा बास्केटबॉलच्या स्टेटला! माझा बाप या शाळेकडून खेळला, मी खेळलो, आणि मग जन्मभर इथेच कोच म्हणून राबलो. राज्यस्पर्धेचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं, मार्लिस. कोणीच नाही.

मार्लिस: मला नको सांगूस, मी काय परगावची आहे? स्पर्धा कधी आहे ते सांग.

व्हर्न: पुढच्या आठवड्यात. ॲबरडीनला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

मार्लिस: शनिवारी तारीख काय?

व्हर्न: सोळा.

मार्लिस: सोळा मार्च.

व्हर्न: हो, सोळा मा...

मार्लिस: बघ. म्हणून म्हटलं कप खाली ठेव.

व्हर्न: ब्रिटाचं लग्न.

मार्लिस: ब्रिटाचं लग्न.

व्हर्न: अरे देवा. अरे देवा, मार्लिस! हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

मार्लिस: माझ्या आलं. आज सकाळी, दात घासताना. ब्रश तसाच तोंडात, आणि मी आरशात स्वतःकडे आ वासून बघतेय. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. खाली येऊन दोनदा कॅलेंडर बघितलं.

व्हर्न: पण काल अख्खं गाव तिथे होतं! पास्टर हॅल्वर बाकावर उभा राहून नाचत होता. लग्न तोच लावणार आहे ना?

मार्लिस: तोच. आणि तुमची बसही तोच चालवतो.

व्हर्न: म्हणजे...

मार्लिस: म्हणजे शनिवारी नवरी चर्चमध्ये आणि पास्टर ॲबरडीनच्या पार्किंगमध्ये. पुढे ऐक. ऑर्गन ग्वेन वाजवणार होती. ग्वेन म्हणजे शाळेचा बँड. केक डोरीनचा. डोरीन कुठे असते?

व्हर्न: घड्याळावर. सामन्याचं घड्याळ तिच्याशिवाय... नाही, तिथे त्यांचा माणूस असेल घड्याळाला.

मार्लिस: असू दे. डोरीन घरी राहील वाटतं? तिचा नातू खेळतोय. आणि नवरदेवाचा पाठराखा कोण?

व्हर्न: ग्रेडी.

मार्लिस: ग्रेडी. नवऱ्याचा सख्खा भाऊ आणि तुझा कॅप्टन. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात. माझ्या पोरीचं नाक चांगलं सरळ आहे, तरी ही तऱ्हा!

व्हर्न: ही तारीख ठरवली कोणी?

मार्लिस: काय म्हणालास?

व्हर्न: नाही, म्हणजे एवढी तारखांची रास पडलेली असताना...

मार्लिस: व्हर्न एगेबो, तू मला हे विचारतोयस? मी जून म्हणत होते. आपला होणारा जावई ट्रेंट म्हणाला, जूनमध्ये शेत सोडून कसं येऊ, एप्रिलमध्ये गाई वितात. मग राहिला मार्च. चर्चमध्ये सोळा मोकळी होती. आणि का मोकळी होती, तेवढंही कोणाला सुचलं नाही! मी याच टेबलावरून तुला विचारलं, सोळा चालेल का. तू पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाहीस.

व्हर्न: काय म्हणालो मी?

मार्लिस: म्हणालास, ठेवा की. त्या शनिवारी आपल्याला कधी काय काम असतं?

(मागचं दार उघडतं. ब्रिटा बुटांवरचा बर्फ झटकत आत येते.)

ब्रिटा: सांगितलंस का त्याला?

मार्लिस: आत्ताच. जरा हळू घे. पांढराफटक पडलाय.

व्हर्न: ब्रिटा, बाळा, तू अजिबात काळजी करू नकोस. मी स्टेटला जात नाही.

ब्रिटा: काय?

व्हर्न: डीन नेईल पोरांना. माझा असिस्टंट कशाला आहे मग? त्याला सगळे डाव पाठ आहेत. मी इथे थांबतो, तुझा हात धरून तुला चर्चमध्ये नेतो. ठरलं.

मार्लिस: याला वेड लागलंय.

ब्रिटा: कोणासमोर नेणार मला? रिकाम्या बाकड्यांसमोर? गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहणार नाही. पेट्रोल पंपावर आत्ताच पाटी लागलीय, शनिवारी बंद म्हणून.

व्हर्न: मग सकाळी लवकर उरकू. सात वाजता. आणि मग सगळे मिळून...

ब्रिटा: आणि मी लग्नाच्या पोशाखात पॉपकॉर्न खात बसू?

व्हर्न: किंवा असं बघ. गुरुवारी आपण हरलो तर...

ब्रिटा: ऐकलंस आई? ऐकलंस ना? काल जिंकले आणि आज हा हरायला बसला.

व्हर्न: अगं मी फक्त म्हणतोय की...

ब्रिटा: आणि हरलात तरी शनिवारी सामना असतोच. आठही संघ तिन्ही दिवस खेळतात. तू कोच आहेस, बाबा! तुला एवढंही माहीत नाही?

व्हर्न: कधी गेलोच नाही ना आपण. कधी वाचायची वेळच आली नाही.

मार्लिस: बरं, दोघंही गप्प बसा. तारीख मी बघते. लग्न रविवारी. सकाळची प्रार्थना झाली की तिथल्या तिथे. पास्टर परत आलेला असेल, ग्वेनही येईल, डोरीनने केक आदल्या दिवशी आणायचा तो त्या दिवशी आणावा. सगळ्यांचे घसे बसलेले असतील, गाणी भसाड्या आवाजात होतील, होऊ देत. ट्रेंटच्या आईला मी फोन करते. झालं. याच्यात रडण्यासारखं काय आहे? ब्रिटा? अगं, तू रडतेस कशाला?

ब्रिटा: लग्नासाठी नाही रडत मी. रविवारी करा, नाहीतर मंगळवारी करा. मला काही फरक पडत नाही.

व्हर्न: मग काय झालं, बाळा?

ब्रिटा: तुला एक विचारू? काल शेवटचा बॉल जाळीत गेला. भोंगा वाजला. सगळे मैदानात धावले. तू कुठे गेलास?

व्हर्न: मी... हात मिळवायला गेलो. त्यांच्या कोचशी. रीत आहे ती.

ब्रिटा: काय म्हणालास त्याला?

व्हर्न: काय म्हणणार? चांगला खेळ झाला.

ब्रिटा: खोटं. मी बाकाच्या मागेच होते. तू म्हणालास, अभिनंदन, ॲबरडीनला आमचं नाव काढा. तो बिचारा रडवेला झाला होता. तो म्हणाला, व्हर्न, अरे तू जिंकलास.

मार्लिस: हे खरं आहे?

व्हर्न: गोंधळ होता गं तिथे. ध्यानीमनी नसताना तो बॉल पडला. त्या पोराला मी मारायला सांगितलंच नव्हतं.

ब्रिटा: लोक हसले. म्हणाले कोच भोळा आहे. मीही हसले. मग बसमधून उतरल्यावर घरी सोडताना गाडीत ग्रेडीने मला सांगितलं.

व्हर्न: काय सांगितलं?

ब्रिटा: नाताळात आम्ही लग्नाची कार्डं वाटली. संघातल्या सगळ्या पोरांना दिली, तूच म्हणाला होतास द्या म्हणून. त्यांनी तारीख बघितली, बाबा. आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही ते त्या पोरांच्या एका नजरेत लक्षात आलं. त्यांना ती तारीख पाठ असते ना. लहानपणापासून.

व्हर्न: लॉकर रूममध्ये एक कार्ड लावलेलं आहे त्यांनी. आरशाच्या बाजूला. मी बघितलंय.

ब्रिटा: तुला काय वाटलं, का लावलंय?

व्हर्न: मला वाटलं... प्रेमाने लावलंय. मला बरं वाटलं होतं. घरी येऊन आईलाही सांगितलं मी.

मार्लिस: हो. सांगितलं होतं याने. डोळे भरून आले होते याचे.

ब्रिटा: तू रोज तिथे उभा राहून सांगायचास, पोरांनो, हे वर्ष आपलं. या वर्षी जायचंच. आणि तुझ्या डोक्यामागे ते कार्ड. कोच एगेबो यांच्या मुलीचं लग्न, सोळा मार्च. ते तुझ्याकडे बघायचे, मग कार्डाकडे बघायचे.

व्हर्न: आणि कोणी काही बोललं नाही?

ब्रिटा: ग्रेडीने बोलू दिलं नाही. म्हणाला, म्हाताऱ्याला सांगायचं नाही. आपण त्याची लग्नाची तारीखच मोडू.

मार्लिस: काय बाई पोरं आहेत!

ब्रिटा: सामन्याआधी हातावर हात ठेवून ओरडायचे ना ते? तू बाहेर गेल्यावर? काय ओरडायचे माहीत आहे? शनिवारी काम आहे. बस. शनिवारी काम आहे.

व्हर्न: बाप रे.

मार्लिस: व्हर्न, पाणी पी. पी म्हटलं ना.

व्हर्न: म्हणजे ती पोरं माझ्यासाठी नाही खेळली. माझ्यावर चिडून खेळली.

ब्रिटा: ते त्यांना विचार. मला माझं विचारायचंय. मी चार वर्षं खेळले या शाळेकडून. मुलींच्या संघालाही तूच होतास तेव्हा. शेवटच्या वर्षी आम्ही याच पायरीवर हरलो, परतीच्या बसमध्ये मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. तू म्हणालास, तुम्ही जिंकाल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

व्हर्न: हो.

ब्रिटा: वाटत होतं?

मार्लिस: ब्रिटा, पुरे आता. सकाळी सकाळी बापाला आरोपी करू नकोस.

ब्रिटा: नाही आई, मला ऐकायचंय. मी त्या एका वाक्यावर तरून गेले. शिकायला गेले तिथे, पहिली नोकरी गेली तेव्हा. म्हणायचे, बाबाला तरी वाटलं होतं. खरं सांग. वाटत होतं का?

व्हर्न: नाही.

मार्लिस: व्हर्न!

व्हर्न: ती विचारतेय, मार्लिस. नाही वाटत होतं. तुम्ही चांगल्या खेळायचात, पण त्यांच्याकडे उंची होती, बाकावर दहा जणी होत्या. आपल्याकडे सात, त्यातली एक तापाने फणफणलेली. मी सामन्याला निघतानाच परतीच्या बसमधलं बोलणं मनात तयार ठेवायचो. दरवर्षी. पोरांनी मान खाली घालून बसायचं, मी दोन शब्द चांगले बोलायचे. त्यात मी पटाईत आहे. हरलेल्या पोरांना घरी कसं आणायचं, ते माझ्याइतकं या राज्यात कोणाला येत नसेल.

ब्रिटा: आणि काल?

व्हर्न: कालचंही तयार होतं. शेवटच्या टाइमआउटला पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी मनात ते बोलणं घोळवत होतो. डाव डीनने सांगितला. मला काही सुचेना. आणि मग तो बॉल पडला, आणि मला कळेना आता काय बोलतात. बसमध्ये मी एक शब्द बोललो नाही. पोरांना वाटलं, आनंदाने.

मार्लिस: मला एवढ्या वर्षांत कधी बोलला नाहीस हे.

व्हर्न: काय बोलायचं? गावाने मला कोच म्हणून ठेवलं ते जायचंच म्हणण्यासाठी. कोणीतरी म्हणायला हवं ना. मी म्हणत गेलो.

ब्रिटा: मला राग आला पाहिजे तुझा. येतच नाहीये.

व्हर्न: इकडे ये. ये गं. चुकलो मी. तुझ्याशी तर फारच.

मार्लिस: खुर्ची घे ब्रिटा. दोघंही काहीतरी खा आधी. उपाशीपोटी कोणालाच धड सुचत नाही.

व्हर्न: म्हणून म्हणतोय, डीनने जावं. ज्याने विश्वास ठेवला नाही त्याने तिथे बाकावर कोणत्या तोंडाने बसायचं? पोरांनी स्वतःच्या जिवावर मिळवलंय हे.

ब्रिटा: बस उलटी फिरवतील ते. ग्रेडी काल काय म्हणाला शेवटी, ते ऐक. मी त्याला विचारलं, आता सांगणार का बाबाला? तर तो म्हणाला, आता कशाला? त्याला आणलं ना आम्ही शेवटी.

मार्लिस: असं म्हणाला?

ब्रिटा: रडत होता, आई. एवढा धिप्पाड पोरगा, मागच्या सीटवर बसून ढसाढसा रडत होता. म्हणे, कोचचा चेहरा बघितलास का? भूत बघितल्यासारखा.

व्हर्न: तीनला सराव आहे.

ब्रिटा: माहीत आहे.

व्हर्न: जातो मी. जे आहे ते सांगतो. माझा विश्वास नव्हता म्हणून सांगतो.

ब्रिटा: ते त्यांना नाताळापासून माहीत आहे. ते तुला दुसरंच काहीतरी विचारतील.

व्हर्न: काय?

ब्रिटा: गुरुवारी जिंकू का, कोच?

व्हर्न: जिंकू की. का नाही जिंक...

ब्रिटा: बाबा.

व्हर्न: हं.

ब्रिटा: खरं.

व्हर्न: खरं सांगू? आजवर प्रत्येक सामन्याआधी मला मनातून ठाऊक असायचं काय होणार ते. या वेळी मला ठाऊक नाही, ब्रिटा.