न पाहिलेल्या गोदामाचा दाखला

तपासनीस: पण साहेब, जे गोदाम मी आतून पाहिलंच नाही, त्याच्या दाखल्यावर सही कशी करू?

साहेब: पाहिलं नाही कसं? आठवडाभर तिकडेच होतात ना?

तपासनीस: दोन गोदामं दाखवली. तिसऱ्याची किल्ली सापडत नाही म्हणाले. आपण विकलेली सहाशे रॉकेटं त्यातच असायला हवीत.

साहेब: मित्रदेश आहे, बाई. पाहुण्यानं घरमालकाची कपाटं उघडायची नसतात.

तपासनीस: हा फोटो बघा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलाय. दवाखान्याच्या आवारात पडलेला रॉकेटचा तुकडा. त्यावरचा नंबर आपल्या मागच्या खेपेच्या यादीत आहे, पान चार. फक्त सीमेवर वापरू, असं त्यांच्या सरकारनं लिहून दिलं होतं.

साहेब: किती गेले?

तपासनीस: अकरा. बाळंतिणींचा वॉर्ड होता.

साहेब: फोटो खोटेही असतात.

तपासनीस: मग तुमच्यासमोर नंबर ताडून बघते. पुढची खेप दुपारी सुटणार आहे. तेवढी थांबवा. पाया पडते तुमच्या.

साहेब: कशाला पाया पडता? जहाज सकाळी सातलाच सुटलं.

तपासनीस: दाखल्याशिवाय?

साहेब: तो मागाहून जोडतात. वरातीमागून घोडं. मागच्या खेपेला मी तर तिकडे गेलोसुद्धा नव्हतो. इथेच बसून सही ठोकली. मोजली, तपासली, जागेवर आहेत म्हणून.

तपासनीस: म्हणजे पान चार...

साहेब: माझ्याच सहीचं. तुम्ही म्हणालात तेव्हाच ओळखलं.



तपासनीस: जहाज वाटेतून परत बोलावता येतं. शस्त्रविक्रीला परवानगी देणाऱ्या समितीला तसा अधिकार आहे. पण अर्जावर माझ्या जोडीला तुमची सही लागते.

साहेब: तीस वर्षांत एकही जहाज परत आलेलं मी पाहिलं नाही. वर समिती बसणार सोमवारी. आणि पान चार उघडलं की आधी मी जाणार, मग तुम्हीही.

तपासनीस: अर्ज लिहून आणलाय मी.

साहेब: ठाऊक होतं. आणा इकडे. कुठे करू? इथे?

तपासनीस: खाली. तारीखही घाला.

साहेब: जहाज पोचायला किती दिवस?

तपासनीस: नऊ.

साहेब: आणि समितीनं नाहीच ऐकलं तर? त्या डॉक्टरीणबाईंना काय कळवणार?

तपासनीस: हेच, की नऊ दिवस आहेत. हलवता येतील तेवढ्या बायका हलवा.