सुनंच्या पाठीतलं पाणी

माझं माहेर मुरगूडचं. दिलं कोल्हापुरात, आन् दिलं म्हंजे काय, म्हशीच्या गोठ्यातच दिलं म्हना की. आधी सासऱ्यांच्या म्हशी, मग मालकांच्या, मालक गेल्यावर माझ्या. सकाळ-सांज म्हशी कट्ट्यावर न्हेऊन गिऱ्हाइकाच्या म्होरंच धार काढून दूध द्यायचं, ह्योच आमचा धंदा. माझा आवाज मोठा हाय, राग मानू नका. शाळा काय मी बघितली न्हाय. पर मेंदूवर किती पदर असत्यात ते इचारा मला, सांगतो की. हसताय व्हय? ऐका तर.

सुवर्णा माझी सून, माझ्या संतोषची बायको. काय सांगू तुम्हाला, आमचं दोघींचं कधी पटलंच न्हाय. मी एक बोललो की ती दोन बोलणार. वैरण हितं का टाकलीस म्हटलं तर म्हणायची, म्हशीला इचारा. पर कामाला वाघीण! म्हशीस्नी घालायच्या उसाच्या शेंड्यांचा, वाड्याचा भारा डोक्यावर घेतला की गड्यांस्नी मागं टाकायची.

तर त्या दिशी भारा टाकला आन् मला म्हणाली, आत्या, मान धरली. आता मान धरली तर आमच्यात तालमीत न्हेत्यात. बायामाणसाला आत घेत न्हाईत, भाईर पायरीवर बसवत्यात, वस्ताद तेल लावून मान अशी फिरवत्यात, कडकन वाजली की माणूस मोकळं. आम्ही समद्यांनी तेच धरलं की भाऱ्यानं मान लचकली. अवो, ताप हुता, उलटी झालती, खिडकी लावा, उजेड सोसंना म्हणत हुती, तरी आम्ही आपलं मानंचंच घेऊन बसलो. संतोषनं गाडीवर घातली, मी मागनं धरून बसलो, आन् गेलो तालमीत. वस्तादांनी हात लावला आन् लगी काढून घेतला. म्हणाले, मावशी, ही लचक न्हवं, पोरीचं अंग तव्यागत तापलंय, मी मान फिरवणार न्हाय, दवाखाना गाठा. तवर ही बरळाय लागली. मला आई म्हणाय लागली. मला, आई! तशीच गाडी दवाखान्याकडं वळवाय लावली बगा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई हुत्या, वयानं ल्हान, पर बोलणं गोड. त्यांनी तिची मान उचलाय बघितली, तर मान वाकंना. सलाईन लावलं, औषध सुरू केलं आन् म्हणाल्या, मेंदूच्या आवरणाला सूज हाय, पाठीतलं पाणी काढून तपासायचं हाय, कुठला जंतू हाय ते कळलं म्हंजे नेमकं औषध देता येईल.

पाठीतलं पाणी म्हटल्यावर जे काय झालं! आमचं धाकटं दीर कोडोलीस्नं आलतं, मालक गेल्यापासनं घरातलं थोरपण त्यांच्याकडं. भावजी उठून हुबंच ऱ्हायले. म्हणाले, पाठीत सुई घालू द्यायची न्हाय, माणूस लुळं पडतं, आमच्या गल्लीत एकाला घातली, त्यो अंथरुणावरनं उठला न्हाय. संतोष भिंतीला टेकून नुसता रडाय लागला. चुलत्याचा शबूद मोडायचा कसा? आन् मलाबी भ्या वाटत हुतं, खोटं कशाला बोलू. तरणीताठी पोर, जन्माची लुळी केली तर?

मी सरळ डॉक्टरीणबाईंच्या म्होरं गेलो आन् म्हटलं, बाई, ती सुई आत कशाला लागती ते मला अडाणीला कळंल असं सांगा. तर त्यांनी सांगितलं, आन् मला की लगेच उमजलं. म्हशीच्या पोटात रेडकू कसं पिशवीत गुंडाळून पाण्यात असतंय, तसाच मेंदू. त्याला तीन पदरांची पिशवी, मधी पाणी. मेंदूपासनं एक दोरी निघती, पाठीच्या कण्यातनं खाली येती, तीबी त्याच पिशवीत, त्याच पाण्यात. म्हणून खालचं पाणी काढलं तरी वरची खबर कळती. म्हटलं, आन् सुईनं ती दोरीच तुटली तर? तर त्या हसल्या न्हाईत हां. माझ्या पाठीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, आजी, दोरी हितं संपली. मग बोट खाली कमरंला आणलं. सुई हितं. हितं दोरीच न्हाय.

बास! मी फिरलो. म्हटलं, भावजी, तुमच्या गल्लीतला सुईनं लुळा पडला का रोगानं, तुम्ही बघितलाय काय? भावजी म्हणाले, तसं ऐकलंय. म्हटलं, ऐकीव गोष्टीवर माझी सून घालवू व्हय? संतोष, डोळं पूस, सही कर. भावजी म्हणाले, वहिनी, उद्या काय झालं तर? म्हटलं, झालं तर मी जल्मभर तिचं हागणं-मुतणं काढीन, पर औषधाबिगार मरू द्यायची न्हाय.

पाणी काढलं. स्वच्छ असायला पायजे हुतं, ते पातळ ताकागत गढूळ आलं. पू झालता आत. जंतू सापडला, नेमकं औषध चालू झालं. तरी ती डोळं उघडंना. मी उशाला बसून तिला हाका मारायचो. अगं सुवर्णे, ऊठ की, म्हशी धार दीनात, माझं एकटीचं हात मोडलं, ऊठ भवाने! नर्सबाई मला गप करून करून दमल्या.

आन् एके दुपारी ओठ हललं. मी कान लावला. काय म्हणाली सांगू? आत्या, किती वरडताय वो, डोकं दुखतंय. अवो, समदा वार्ड हसला! मी हसलो, आन् हसता हसता रडलो.

पाय हालत हुतं, हात हालत हुतं. उजव्या कानानं तेवढं ऐकू येत न्हाय आता, रोगानं गेलं ते गेलंच. सुरवातीला चालताना झोक जायचा, मी धरायचो, ती हात झिडकारायची.

आवंदा दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवल्या, तुम्ही बघाय पायजे हुतं. आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर आणत्यात, धनी म्होरं, म्हस मागं. सुवर्णा पदर खोचून म्होरं झाली आन् अशी पळाली, अशी पळाली, मागनं म्हस, दोन्ही बाजूला लोक शिट्ट्या मारत्यात! भावजी माझ्या शेजारीच हुते. म्हटलं, भावजी, लुळी बघा की कशी पळतीया! म्हणाले, वहिनी, हळू बोला, लोक ऐकत्यात. म्हटलं, ऐकू द्यात की! समद्या कोल्हापूरनं ऐकू द्यात!

आता? आता परत भांडतो की आम्ही. आजच सकाळी वैरणीवरनं झालं. पावणं, म्हातारपणी भांडाय माणूस ऱ्हायलं, मला आणि काय पायजे? माझं आयुष्य तिला लागू दे, आन् तिची जीभ हाय तश्शीच ऱ्हाऊ दे.